कापसाची गाडी : पातूरहून मूर्तिजापूरच्या छोट्या रुळांपर्यंत

आमच्या पातूरला रेल्वे नाही. कधी नव्हती. अकोल्याहून निघालेली सडक पातूरवरून जाते, घाट चढते आणि पुढे मालेगाव, वाशीम, हिंगोली करीत नांदेडकडे निघून जाते. तिला आता राष्ट्रीय महामार्ग १६१ म्हणतात. अकोला–पूर्णा रेल्वे मात्र आम्हांला वळसा घालून बार्शीटाकळीकडून वाशीमला गेली. आधी ती मीटरगेज होती, २००८ साली ब्रॉडगेज झाली. पातूरच्या माणसाने रेल्वे पाहायची ती अकोल्याला जाऊनच.

असे असले तरी पातूर हे वाटेवरचे गाव आहे, आणि ते आजकालचे नव्हे. गावाजवळच्या टेकडीत कोरलेली लेणी आहेत, पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणातली. लेणी कोणी आडरानात कोरीत नसे. व्यापारी, बैलांचे तांडे, भिक्खू ज्या वाटेने जात त्या वाटेवर ती कोरली जात. खाली पूर्णेचे काळेभोर खोरे, वर घाट, घाटापलीकडे वाकाटकांचे वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. लेण्यांपाशी उभे राहिले की मला नेहमी वाटते, माल आणि माणसे यांची ये-जा या घाटाने दीड हजार वर्षे तरी पाहिली असेल. रेल्वे ही त्यातली अगदी अलीकडची गोष्ट.

आमची म्हातारी माणसे सांगत, कापूस वेचून झाला की रात्री गाड्या जुंपायच्या आणि मोर्णेच्या काठाकाठाने अकोल्याचा रस्ता धरायचा. गाडीत कापूस तुडवून तुडवून भरलेला, वर एक पोर झोपलेले, पुढे कंदील. पहाटे अकोल्याच्या बाजारात गाड्यांची रांग लागे. तिथून तो कापूस कुठे जातो, हे गाडीवाल्याला ठाऊक नसे. मालकाला थोडेसे ठाऊक असे. वेचणारणीला तर मुळीच नाही. तो जात होता मुंबईला आणि मुंबईहून बोटीने विलायतेला. हा सारा प्रवास ज्या रुळांमुळे झाला त्यांतले एक जोडपे अजून आपल्या वऱ्हाडात जमिनीवर पडून आहे. मूर्तिजापूरची ‘शकुंतला’ ती हीच. तिच्याविषयी आज लिहायचे आहे.

वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. त्याआधी उमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून थेट मिर्झापूरला, गंगेच्या काठी नेत. पाचशे मैलांची वाट! पावसाने भिजायचा, धुळीने मळायचा, निम्मी किंमत वाटेतच जायची. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेतल्या गुलामांच्या घामावर पिकणारा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला. लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या, मजुरांच्या घरी चुली पेटेनात, आणि साऱ्या गिरणीमालकांचे डोळे वऱ्हाडाच्या काळ्या मातीकडे वळले. मुंबईहून निघालेला जी. आय. पी. रेल्वेचा रूळ १८६७ च्या फेब्रुवारीत नागपूरला पोचला. वाटेत मलकापूर, शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा. कापसाचा सारा पट्टा त्याने सुईत दोरा ओवावा तसा ओवून घेतला.

पण मुख्य रूळ दोन मोठ्या कापूसपेठांना चुकवून गेला होता, खामगाव आणि अमरावती. म्हणून जलंबहून खामगावपर्यंत तेरा किलोमीटरचा फाटा काढला. तो १८७० च्या मार्चमध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला. तेरा किलोमीटरच्या फाट्यासाठी देशाचा सर्वांत मोठा साहेब खामगावला येतो, यावरूनच कापसाचे वजन समजावे. पाठोपाठ बडनेरा–अमरावती झाला. विलायतेच्या बाजारात वऱ्हाडी कापसाला ‘ऊमरा’ म्हणत. उमरावतीचेच ते नाव, साहेबाच्या तोंडात वाकडे झालेले.

कोणी म्हणेल, रेल्वे आली तर वऱ्हाडाचे भलेच झाले. झाले, काहींचे. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने निघाले, पेढ्या आल्या, अकोला-अमरावतीला दुमजली वाडे उभे राहिले. पण ज्वारीच्या रानात पऱ्हाटी शिरली. घरच्या कणगीत धान्य ठेवणारा गाव बाजारातून धान्य विकत घेऊ लागला. १८९९-१९०० चा दुष्काळ पडला तेव्हा वऱ्हाडात रेल्वे होती, कापूस होता, पेठा होत्या. ज्यांच्या हाती पैसा नव्हता त्यांच्यापुरते धान्य तेवढे नव्हते. तो दुष्काळ आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने अंगावर काढला. जमीन नसलेल्यांनी तर सर्वांत आधी.

आता शकुंतला. मुख्य रुळापासून उत्तरेला अचलपूर आणि दक्षिणेला यवतमाळ, हे दोन्ही कापसाचे मुलूख दूर पडत. तिथून मूर्तिजापूरपर्यंत कापूस आणायला लहान गाडी हवी होती. मुंबईच्या किलिक निक्सन या इंग्रज पेढीने १९१० साली सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. १९१२ ते १९१६ या काळात तिने यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर हा मार्ग घातला. मूर्तिजापूर ते यवतमाळ सुमारे ११३ किलोमीटर, मूर्तिजापूर ते अचलपूर सुमारे ७६. सारा मिळून १८९. पुलगाव–आर्वीही याच कंपनीची. दारव्ह्याहून पुसदकडे एक फाटा काढला होता, तो फार वर्षे टिकला नाही. त्याचे रूळ उचलून नेले.

मुलांना समजावे म्हणून सांगतो. मोठ्या गाडीच्या दोन रुळांमधले अंतर साडेपाच फूट असते. शकुंतलेचे अडीच फूट. म्हणजे घरातल्या दाराएवढेच. रूळ अरुंद, म्हणून डबे लहान, इंजिन लहान, पूल हलके, वळणे आखूड, खर्च कमी. कंपनीला हेच हवे होते. थोड्या पैशांत रूळ घालायचा आणि कापूस गोळा करून मोठ्या गाडीच्या दाराशी आणून टाकायचा. ओढे जसे नदीला मिळतात तसे.

पण या स्वस्ताईत एक खोट होती, आणि तिचा भार कंपनीच्या अंगावर नव्हता. लहान डबा मोठ्या रुळावर चढत नाही. त्यामुळे मूर्तिजापूरला आलेली प्रत्येक गाठ, सरकीचे प्रत्येक पोते लहान डब्यातून उतरवून मोठ्या डब्यात चढवावे लागे. ते कोण करणार? हमाल. पाठीवर, डोक्यावर, आकडे लावून. दाबून बांधलेली रुईची गाठ म्हणजे तीन-चार माणसांच्या वजनाची वस्तू. मूर्तिजापूरच्या यार्डात किती पाठी वाकल्या असतील, याचा हिशोब कंपनीच्या कोणत्या वहीत असणार? अडीच फूट आणि साडेपाच फूट यांतला तीन फुटांचा फरक माणसांच्या पाठीने भरून काढला, असे मी म्हणतो.

आणि रूळ सांभाळणारे? ही गाडी चालवण्याचे काम जी. आय. पी. रेल्वेकडे होते. त्या रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला भरली होती. अध्यक्षस्थानी बाबासाहेब होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे त्यांचे प्रतिपादन आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. त्याच भाषणातला रेल्वेच्या नोकऱ्यांचा तपशील मात्र फारसा कोणी सांगत नाही. आपली माणसे गँगमन म्हणून घेतली जात, रुळावर उन्हातान्हात खडी ठोकायला. पोर्टरची जागासुद्धा त्यांना दुरापास्त होती. का, तर पोर्टरला स्टेशनमास्तराच्या घरची कामेही करावी लागत, आणि अस्पृश्याला घरात कसे घ्यायचे! बाबासाहेबांनी एवढी बारीक गोष्ट हेरून परिषदेत मांडली. रूळ शिवला तर चालतो, घडा शिवला तर चालत नाही. मूर्तिजापूर, कारंजा, दारव्हा, दर्यापूर या पट्ट्यातल्या जुन्या बौद्ध वस्त्यांमध्ये ‘आमचे आजोबा गँगवर होते’ असे सांगणारी घरे भेटतात, त्याचे मूळ इथे आहे. गँगची ती मजुरी वाईट होती, तरी महिन्याच्या महिन्याला रोख होती. पाटलाच्या दाराशी जोहार घालून मिळणाऱ्या भाकरीपेक्षा वेगळी होती. त्या रोखीतून किती मुलांची पाटी-पुस्तके आली असतील!

अकोल्याहून पॅसेंजरने निघालो की पाऊण-एक तासात मूर्तिजापूर. मुंबई-नागपूर-हावड्याच्या गाड्यांचे हे जंक्शन. वर मोठ्या रुळांवर कोळशाच्या लांबच लांब मालगाड्या धडधडत जातात. यांतल्या काही आपल्या पारसच्या वीजकेंद्रासाठी कोळसा आणतात. पातूर-बाळापूरच्या घरांतला दिवा त्या कोळशावर पेटतो. म्हणजे मालगाडीचा आणि आपला संबंध तुटलेला नाही, कापूस नेणारी गाडी तेवढी गेली. बाजूला खाली छोट्या रुळांचे यार्ड. बाभळी माजलेल्या, रूळ गवतात बुडालेले, गंजून तांबडे झालेले. पाय पसरून उभे राहिले तर दोन पाय दोन रुळांवर येतात.

तिथे एक म्हातारेबाबा शेळ्या राखत बसले होते. विचारले, “बाबाजी, गाडी पाहिली का तुम्ही?” ते हसले. “पाह्यली म्हंता? बसलो न जी. लय धीरे जाये. उतरून इमल्या येचाव, अन् धावत जाऊन पुन्हा चढाव. कोणी बाई हात दाखवे तं डायवर थांबे.” मग शेळीला हाकत म्हणाले, “गरिबाची गाडी होती थे. म्हनून काहाले कोनी तिकडे ध्यान देते?”

म्हातारेबाबा सांगत होते ते सारे खरे आहे. ताशी वीस किलोमीटरच्या आसपास तिचा वेग. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेले वाफेचे इंजिन तिला १९२३ पासून ओढत होते. कापूस जिथे जाई त्याच मुलखातून इंजिन आले होते, हा योग पाहण्यासारखा! ते १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त झाले. त्यानंतर डिझेलचे इंजिन आले. शेवटच्या काळात सात माणसांवर सारी गाडी चाले. तीच माणसे तिकिटे देत, तीच इंजिन सोडवत-जोडत, तीच सिग्नल पाहत. फाटकापाशी गाडी थांबे, माणूस उतरून फाटक लावी, गाडी पुढे जाई, पुन्हा थांबे, माणूस फाटक उघडून चढे. ज्यांना घाई त्यांनी हसावे. पण तिकीट एस.टी.च्या मानाने कितीतरी कमी होते. भाजीची टोपली घेऊन बसणारी बाई, दर्यापूरच्या कॉलेजला जाणारा पोरगा, वेचणीला निघालेला मजुरांचा घोळका, यांचा वेळ कोणी मोजत नव्हते; पैसे मात्र त्यांना मोजावे लागत.

अचलपूरच्या अंगाने स्टेशनांची नावे वाचत गेले तरी मुलूख कळतो. लाखपुरी, बनोसा म्हणजे दर्यापूर, लेहगाव, कापूसतळणी, अंजनगाव, पथ्रोट, मग अचलपूर. गावाच्या नावातच कापूस! हा सारा टापू गाडगेबाबांचा. त्यांचा जन्म अंजनगाव-सुर्जी तालुक्यातल्या शेणगावचा, बालपण मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाच्या घरी गेले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा ज्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, ते हेच गाडगेबाबा. बाबासाहेबांच्या मागोमाग चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी तेही गेले. त्या दोन आठवड्यांत आपल्या वस्त्यांची काय अवस्था झाली असेल, ते थोर माणसांकडून ऐकलेले बरे.

दक्षिणेच्या अंगाला कारंजा, दारव्हा-मोतीबाग, लाडखेड, लासिना आणि यवतमाळ. दारव्ह्यापलीकडे जमीन उंचसखल होत जाते, सागाची झाडे दिसू लागतात. हाच पुढे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी देशभर कुप्रसिद्ध झालेला जिल्हा. ज्या कापसासाठी विलायतेहून इंजिन आणले, त्या कापसाने पिकवणाऱ्याच्या गळ्यात फास का घातला, याचे उत्तर एका लेखात मावणार नाही.

गाडी मेली कशी? एका दिवसात नाही. स्वातंत्र्यानंतर सडका झाल्या, ट्रक आले. ट्रक जिनिंगच्या दारात उभा राहतो, तिथे भरतो आणि थेट गिरणीच्या दारात रिकामा होतो. मध्ये मूर्तिजापूरची चढ-उतार नाही. तीन फुटांच्या त्या फरकाने अखेर कंपनीवरच सूड उगवला म्हणा. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, तेव्हा खरेदी केंद्रांवर बैलगाड्यांच्या रांगा लागत. पण केंद्रावरून पुढे माल ट्रकनेच जाई. शकुंतलेकडे उरली ती माणसे, आणि तीही गरीब.

दुसरी गोष्ट मालकीची. १९५१ साली जी. आय. पी. रेल्वे मध्य रेल्वेत सामावली गेली, पण शकुंतलेचे रूळ आणि जमीन कंपनीचीच राहिली. गाडी सरकारी, रूळ खाजगी! मध्य रेल्वे कंपनीला भाडे देई. वर्तमानपत्रांत दर दोन-चार वर्षांनी बातमी झळकायची, ‘आजही इंग्रजांना रॉयल्टी’. एक कोटी वीस लाखांचा आकडाही त्यात असे. मला ही बातमी अर्धीच पटते. किलिक निक्सन ही पेढी स्वातंत्र्यानंतर भारतीय हातांत गेली, तेव्हा ‘इंग्रज’ म्हणून बोंब मारण्यात रंजन अधिक. खरा प्रश्न निराळा होता. मालक म्हणे गाडी तुमची, रेल्वे म्हणे रूळ तुमचे, आणि स्लीपर कुजत होते, पुलांच्या कमानी खिळखिळ्या होत होत्या. दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा, या भांडणात वेग आणखी कमी झाला, फेऱ्या घटल्या. करार २००६ साली संपला. पुढे यवतमाळची गाडी थांबली, मागोमाग अचलपूरचीही.

२०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पाच्या सुमारास हा मार्ग ब्रॉडगेज करण्याची घोषणा झाली. तेव्हाचे रेल्वेमंत्री सुरेश प्रभू. सुमारे दीड हजार कोटींचा आकडा सांगितला गेला. दर्यापूर, अचलपूर, कारंजा, दारव्हा इथल्या लोकांनी समित्या केल्या, सत्याग्रह केले, निवेदने दिली. कोणी म्हणतात जुनी गाडीच पुन्हा सुरू करा, देखण्या वारशाची म्हणून पर्यटक येतील. माझे मत त्याविरुद्ध आहे. ताशी वीस किलोमीटरने पर्यटक हौसेने जातील. अंजनगावची आजारी बाई अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात त्या वेगाने कशी पोचेल? मोठा रूळच हवा. अकोला–अकोट मार्ग ब्रॉडगेज होऊन २०२२ च्या नोव्हेंबरात गाडी सुरू झाली. अकोटच्या लोकांना विचारा काय फरक पडला ते. वर्धा–यवतमाळ–नांदेड या २८४ किलोमीटरच्या नव्या मार्गावर वर्धा ते कळंब हा तुकडा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. तोच मार्ग पुढे पुसदवरून जायचा आहे. ज्या पुसदचे छोटे रूळ उचलून नेले, त्याला मोठा रूळ मिळेल. मग मधल्या कारंजा-दारव्ह्याने आणि दर्यापूर-अचलपूरने काय पाप केले?

फक्त एक अट घालायला हवी, आणि ती आपल्यालाच घालावी लागेल. रुळांच्या दोन्ही बाजूंना, स्टेशनांच्या मागे, बंद गोदामांच्या आडोशाला वस्त्या आहेत. त्यांत गँगमनची नातवंडे आहेत, हमालांची नातवंडे आहेत, गावात जागा मिळाली नाही म्हणून रुळाशी राहिलेली माणसे आहेत. मोठा रूळ येईल तेव्हा मोजणीची साखळी आधी त्यांच्याच अंगणात पडेल. ज्यांच्या नावावर सातबारा आहे त्यांना मोबदला मिळतो; ज्यांच्या नावावर काहीच नाही त्यांना नोटीस मिळते. म्हणून त्या वस्त्यांतल्या शिकल्या-सवरल्या मुलांनी रेशन कार्ड, वीजबिल, शाळेचे दाखले, घरपट्टीच्या पावत्या, जे असेल ते आतापासून एका पेटीत नीट ठेवावे. मोजणीदार दारात उभा राहिल्यावर कागद शोधून सापडत नाहीत.

सुट्टीत मुलांना घेऊन जाण्यासारखी ही सहल आहे. पातूरहून सकाळच्या एस.टी.ने अकोला, तिथून पॅसेंजरने मूर्तिजापूर. यार्ड पाहून दुपारी दापुऱ्याला जाता येते. जमल्यास दर्यापूरमार्गे अंजनगावपर्यंत एस.टी.ने जावे, रस्त्यापासून जागोजाग छोटे रूळ दिसतात. पाण्याची बाटली आणि भाकरी सोबत ठेवावी. गवतात साप असतात, तेव्हा पायात बूट हवेत. लहान मुलांना मोठ्या रुळांकडे एकटे जाऊ देऊ नये. तिथल्या मालगाड्या कोणी हात दाखवला म्हणून थांबत नाहीत.